मापाचा फ्रॉक

उंब्रजच्या पेठेत सिकंदर शिंप्याचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. दुकान सिकंदरचं खरं, पण चालायचं ते त्याच्या बायकोच्या नावावर. आबेदा पोराबाळांचे कपडे शिवायला बसली की सिकंदरच्या सदऱ्या-लेंग्यांना कोण विचारतो? झबली, टोपडी, परकर, फ्रॉक, शाळेच्या गॅदरिंगचे अंगरखे, सगळं तिच्याच हातचं लागायचं. आणि बाई मोठी ठसक्याची. "मी घेतलेलं माप चुकलं तर मशीन विकून टाकीन," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. मशीन विकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिची सासू रहिमतबी वेगळंच शिवायची. पेठेत त्यांच्या समाजातली कुणी बाई गेली, की कफन शिवायला म्हातारीलाच बोलावणं यायचं. त्यामुळं त्या घरात सुयाही दोन होत्या. जित्याची वेगळी, मेलेल्याची वेगळी. सून नवी आली तेव्हाच म्हातारीनं तिला बजावलं होतं, "जित्याच्या कापडाला गाठ मारायची, म्हंजे शिवण टिकती. मेलेल्याच्या कापडाला गाठ मारायची न्हाई. बटण न्हाई, नाडी न्हाई, कायबी न्हाई. त्याला जायाचं असतंय गं. गाठ मारलीस तर अडकून बसतंय बिचारं."

आबेदा तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. पण नियम पाळायची. आपल्या बापाचं काय जातंय, असं म्हणून पाळायची.

पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात कोयनानगरच्या गाडीचा कंडक्टर ज्योतिबा दुकानासमोर थांबला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "आबेदाबाई, शालूताईचा सांगावा हाय! नलूचा वाढदिवस करायचाय. फुलपाखराचा डिरेस, पोरींना पंख, घरभर पताका. मशीन घिऊनच या म्हणं!"

शालूबाई उंब्रजचीच लेक. आबेदाच्या घरामागं तिचं माहेर. लग्न करून कोयनेला गेली. नवरा लालासाहेब मिल्ट्रीतनं सुटून आला आणि पॉवर हाऊसवर लागला. शालूबाईच्या लग्नातल्या चोळ्या आबेदानंच शिवल्या होत्या. सांगावा आल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पिवळी साटीन, मच्छरदाणीसारखी जाळी, टिकल्या, पतंगाचे कागद अशी खरेदी झाली, आणि हातमशीन चादरीत गुंडाळून आबेदा यष्टीत बसली.

पाटण मागं पडलं तसं धुकं लागलं. डोंगर दिसेनासे झाले. वळणावर गाडीचा हॉर्न वाजायचा आणि पुढून उत्तर आलं नाही की ज्योतिबा "चला" म्हणायचा. आबेदा मशीन मांडीवर धरून बसली होती. तिला उगाचच थंडी वाजत होती.

कॉलनीत तोवर पक्की घरं उठली होती. पण शालूबाई अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहायची. सदुसष्टच्या भूकंपानं दगडी भिंती लोकांच्या अंगावर घातल्या होत्या. तिचा भिंतीवर विश्वास राहिला नव्हता. लालासाहेबाला दोनदा पक्कं क्वार्टर मिळालं, दोनदा तिनं परत करायला लावलं. खाली सारवलेली भुई, चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा. दगडाचा आणि चुन्याचा त्या घरात कणसुद्धा नव्हता.

"पडला तर पत्रा पडंल. टेंगूळ यील. मरायचं न्हाई कोण," शालूबाई म्हणाली आणि आबेदाच्या पुढ्यात चहा ठेवला. मग एकदम हसून म्हणाली, "आबेदा, पैलाच वाढदिवस हाय बघ नलूचा. आजपातुर केलाच न्हाई मी. बकुळा गेली ती सहावा वाढदिवस तोंडावर आला असताना. म्हणून मी ठरिवलं हुतं, नलूचं सहावं सरू दे. आख्खं सरू दे. मग करायचा. आता सात लागत्यात. थोरल्या भनीपरास मोठी झाली माजी नलू. आता कायबी हुत न्हाई तिला. व्हय ना?"

"काय हुतंय? येडी का काय तू!" आबेदा म्हणाली. बकुळा म्हणजे थोरली, भूकंपात गेलेली. आबेदानं तिला तान्ही असताना एकदा पाहिली होती. नलू तर ती गेल्यावर वर्षभरानं जन्मलेली.

चहा झाल्यावर शालूबाई नलूला आणायला गेली. पोरगी शेजारच्या केरबाच्या घरी खेळायला गेली होती. आबेदानं मशीन मांडलं, सुईत दोरा ओवला. दिवस मावळत होता. धुकं दारातनं आत यायला लागलं होतं आणि पलीकडची शेड नुसती सावलीगत दिसत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीत पावलं वाजली. बारीक, अनवाणी.

आबेदानं वाकून पाहिलं. पोरगी पत्र्याकडं तोंड करून उभी होती. केस मोकळे. मागच्या दारानं आली असावी.

"नलू व्हय गं? आई तुला हुडकाय गेली आन तू हितं! ये, माप घिऊ दे."

पोरगी हलली नाही. बोललीही नाही. लाजरी असेल, असं म्हणून आबेदाच टेप घेऊन आत गेली. पाठीमागनंच खांदा मापला, उंची मापली, छातीला टेप फिरवला. अंग गार होतं, पण डिसेंबरात कोयनेला कुणाचं अंग ऊन असतं? आबेदाच्या नाकात मात्र कसलातरी वास गेला. जुनी भिंत पाडताना येतो तसला, कोंदट चुन्याचा. टेपला पांढरी पूड लागली होती. पोरीच्या केसातही तीच.

"कुटं लोळून आलीस गं बये? आईनं बघितलं तर धोपाटंल."

पोरगी खुदकन हसल्यासारखी खांदे हलवून मागच्या दारानं पळाली. आबेदा टेप झटकत बाहेर आली, तोच पुढच्या दारातनं शालूबाई आली. तिच्या कडेला नलू, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. आबेदाला बघून पोरगी तोंडभर हसली. वरचे दोन्ही दात पडलेले, मधोमध नुसती खिंड.

"मागनं पळून पुढनं आलीस व्हय? लय चलाख हाईस!" आबेदा म्हणाली. नलूला काही कळलं नाही. ती तशीच हसत राहिली. वेण्या इतक्या लौकर कुणी घातल्या, हा विचार आबेदाच्या मनात आला आणि गेला. हातात काम असलं की माणूस असले विचार धरून ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रॉक बेतला, शिवला. पिवळ्या साटीनचा, खाली झालर, मागं बटणपट्टी. शेजारच्या बायका डोकावून "अय्या, काय सुरेख!" म्हणून गेल्या. दुपारी नलूच्या अंगात घालून बघितला तर काय? खांद्यात अडकला. पाठ जुळेना. झालर गुडघ्याच्या कितीतरी वर. चांगला चार बोटं तोकडा.

आबेदाच्या तोंडचं पाणी पळालं. "असं हुयाचंच न्हाई," ती म्हणाली. "काल म्या सोता मापलंय."

"कवा?" शालूबाईनं विचारलं.

"काल दिवस मावळताना. तू हिला आणाय गेलीस तवा. ह्या आतल्या खोलीत."

नलू म्हणाली, "मी न्हाई मावशी. मी केरबाकाकांच्यात हुते. आईसंगटच आले."

 बाहेर धुक्यात कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं. शालूबाईनं नलूच्या अंगातनं फ्रॉक सोडवला. तो उलटा-सुलटा करून बघितला. मग छातीशी धरला आणि वीत टाकून खांद्यापासनं झालरीपर्यंत मोजला.

"नलू, जा, केरबाकाकाच्यात खेळ," ती म्हणाली. पोरगी गेली. मग आबेदाकडं न बघताच तिनं विचारलं, "केस मोकळं हुतं?"

"…व्हय."

"आन चुन्याचा वास?"

आबेदाच्या हातातली कात्री खाली पडली. "या अल्ला," एवढंच ती म्हणाली.

शालूबाई खाली बसली. फ्रॉक मांडीवर पसरला आणि हळूहळू सांगू लागली. भूकंप झाला त्याच्या आदल्या रात्री ती बकुळाचा वाढदिवसाचा फ्रॉक शिवत होती. हातानंच. असाच पिवळा. बटणं तेवढी राहिली होती, ती सकाळी लावू म्हणून ती झोपली. पहाटे भिंत आली. लालासाहेब ड्युटीवर. बकुळाला बाहेर काढली तेव्हा ती चुन्यानं पांढरीफेक झाली होती.

"वरच्या टेकाडावर जांभळीखाली पुरायचं ठरलं. लेकरूच ते. म्या म्हनलं, नवा फ्राक घालून पाठवीन. घातला. पण मागं बटणं न्हाईत, पाठ उघडी. थंडी कसली हुती आबेदा! मग म्या अंगावरच शिवला. वरनं खालपातुर."

 अंगावर कापड शिवू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेळच आली तर शिवून घेणाऱ्यानं दातात काडी धरायची. "आन काडी…?" आबेदाच्या तोंडून निघून गेलं.

"कोन धरनार?"

"गाठ मारलीस का, शालूताई?"

"मारली की. चांगली तीनदा. उसवू नये म्हणून." शालूबाई फ्रॉकवरनं हात फिरवत होती. "तवापासनं हितंच हाय ती. कवा कवा मागल्या दारी हुबी ऱ्हाती. पाठ करून. मला वाटायचं, माज्याच मनाचं हाय. पण तुलाबी दिसली… तू तर तिचं माप घेतलंस!"

आणि ती हसली. आबेदाला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच वेळी धक्का बसला. छोटासाच; कॉलनीतली माणसं असल्या धक्क्याला हातातला घासही खाली ठेवत नाहीत. फडताळातली भांडी किणकिणली, पत्रे थरथरले आणि सगळं शांत झालं. मशीनचं चाक मात्र फिरत राहिलं. सावकाश, कुणीतरी बोटानं ढकलावं तसं. खालीवर होणारी सुई दोघी बघत होत्या. आबेदानं झटकन चाकावर हात ठेवला. चाक गार होतं, आणि हाताला पूड लागली.

"शालूताई, ऐक माजं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिला तू बांधून ठेवलंयस. आता म्याबी तिच्या मापाचा फ्राक शिवला, गाठी मारून. म्हंजे दुबार बांधली. हे सोडवाय पायजे. न्हाईतर… नलूचं काय हुईल सांगता याचं न्हाई."

मग आबेदा कामाला लागली. छोट्या फ्रॉकची एकूण एक गाठ तिनं उसवली. बटणं तोडली. त्याच साटीनचे धागे ओढून पुन्हा टाके घातले, लांब लांब, सैल, एकही गाठ न मारता. रहिमतबी शिवायची तसे. पाठ उघडीच ठेवली. आणि नलूसाठी नवा फ्रॉक बेतला, मोठा, उजेडात नलूला समोर उभी करून, तिच्या तोंडाकडं बघत बघत मापलेला. त्याला गाठी अशा मारल्या की दातानं ओढून तुटायच्या नाहीत.

दोन फ्रॉक दोन खिळ्यांवर टांगले. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी छोटा नेऊन जांभळीखाली ठेवायचा आणि मागं वळून न बघता यायचं, असं ठरलं.

सकाळी आबेदा निघायला उठली तर शालूबाईनं फ्रॉक कागदात गुंडाळून घेतलेला. "मी एकटीच जाते," ती म्हणाली. "माजी लेक हाय. मला निरोप दिऊ दे."

आबेदाला ते पटलं. का पटू नये? आई आहे. आणि पंख अजून व्हायचे होते, पताका चिकटवायच्या होत्या, खळ गार होऊन चालली होती. ती कामट्यांना जाळी ताणत बसली. शालूबाई नलूला सोबत घेऊन गेली, हे तिला फार उशिरा कळलं.

दुपारी पत्र्याचं घर ओळखू येईना. निळ्या-गुलाबी पताका, चमकीच्या झिरमिळ्या, पडद्यावर टिकल्यांनी काढलेलं फुलपाखरू. कॉलनीतल्या पोरी पंख लावून नाचत होत्या. लालासाहेबानं कराडहून केक आणला होता. नलूला शालूबाईनं आतल्या खोलीत स्वतः नटवली. आबेदाला आत येऊ दिलं नाही.

पडद्यामागनं नलू बाहेर आली. पिवळा फ्रॉक, पाठीवर मोठे जाळीदार पंख, केस मोकळे.

"वेण्या न्हाई घातल्यास?" आबेदानं विचारलं.

"फुलपाखराला कसल्या वेण्या?" शालूबाई म्हणाली. "बटनं जुळनात, म्हणून मागं अंगावरच शिवलंय बघ. काडी धरली हुती तिनं. काळजी करू नगं."

बटणं जुळत नाहीत? आपण शिवलेल्या फ्रॉकची?  पण घर माणसांनी भरलेलं, पोरींचा कालवा, कुणी पाणी मागतंय, कुणाचे पंख निसटलेत. ती नुसती नलूकडं बघत राहिली. पोरगी ओठ मिटून उभी होती. केक कापला, पण घास तोंडात घेतला नाही. लालासाहेबानं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आज लय गुमान हाय गं ही," म्हणाला आणि ड्युटीला निघून गेला. जाता जाता त्यानं हात पँटला पुसला. पँटवर पांढरा पट्टा उमटला.

दिवस कलला. पोरी एकेक करून गेल्या. धुकं खाली उतरलं आणि घरात तिघीच राहिल्या. शालूबाई चुलीपुढं शिरा परतत होती.

"ये, पंख काढूया," आबेदा म्हणाली. 

पोरगी आली आणि पाठ करून उभी राहिली.

पंख सुटले. आबेदाची बोटं बगलेच्या शिवणीवरनं फिरली. गाठ नाही. खांद्याची शिवण… गाठ नाही. झालर… लांब, सैल टाके. हा तो छोटा फ्रॉक होता. काल नलूच्या खांद्यात अडकलेला, चार बोटं तोकडा. आणि आता तो पोरीच्या अंगावर असा बसला होता, की आबेदानं आजवर शिवलेला कुठलाच फ्रॉक कुणाला असा बसला नसेल. पाठ मात्र काळ्या दोऱ्यानं वरनं खालपर्यंत शिवलेली. शेवटी गाठ. तीनदा मारलेली.

"नलू…" आबेदा म्हणाली. "जरा माज्याकडं बघ, बाळा."

पोरगी वळली. मोकळ्या केसांआड तोंड नलूचंच वाटत होतं. निदान संधिप्रकाशात तसं दिसत होतं. मग ती हसली. वरचे दोन्ही दात जागच्या जागी होते. बारीक, दुधाचे, एकही न पडलेला.

"शालूताई!… ही कोन हाय?"

चुलीपुढनं शालूबाई शांतपणे म्हणाली, "वराडतीस कशाला? एक दिस. तिचा वाढदिवस ऱ्हायला हुता. एक दिस तिचा हू दे की."

"आन नलू कुटं हाय?"

"हाय की. जांभळीखाली खेळतीया."

आबेदानं कात्री उचलली. तिला कशाचीच शुद्ध राहिली नव्हती. एवढंच कळत होतं की त्या दातांच्या खिंडीतनं हसणारी पोरगी धुक्यात कुठंतरी टेकाडावर आहे आणि अंधार पडतोय. तिनं पोरीला खांद्याला धरून फिरवली आणि गाठीला कात्री लावली. शालूबाई धावली. तिनं आबेदाचं मनगट धरलं, दातानं चावलं. "नगं! पाया पडते, नगं! पुन्यांदा नगं!" पहिली गाठ तुटली. घरभरच्या पताका सळसळल्या. दुसरी तुटली. चुन्याचा वास इतका दाटला की आबेदाला श्वास घेता येईना. पोरगी हलली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आई… थंडी वाजती."

आबेदानं डोळे मिटून तिसरी गाठ कापली.

पोरगी खाली कोसळली. आणि मग मोठ्यानं भोकाड पसरून रडायला लागली. "आई गंऽ, लय आवळतंय! काढ की!" फ्रॉक दोन्ही बगलांत टरकला होता, अंगावर मावत नव्हता. पायाला ओली लाल माती, केसात जांभळीचं पान. रडताना उघडलेल्या तोंडात पुढची खिंड स्पष्ट दिसत होती. आबेदानं तिला उराशी धरली आणि स्वतःच रडायला लागली.

शालूबाई मात्र जवळ आली नाही. ती जमिनीवर सांडलेल्या पांढऱ्या पुडीपाशी बसली होती आणि ती पदरात भरत होती.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून लालासाहेब आल्यावर आबेदानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "पक्क्या क्वार्टरात नेतो दोघींना." आबेदानं फ्रॉक मागितला. "चुलीत घातला," शालूबाई म्हणाली. चुलीत राख होती खरी. नलू निरोप द्यायला गाडीपर्यंत आली आणि दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत राहिली. तिला आपल्याबरोबर आणायला हवं होतं, असं आबेदा पुढं कितीतरी वेळा म्हणाली. पण दुसऱ्याचं लेकरू कसं आणणार?

रहिमतबीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिच्या आईच्या हातातनं सुई काढून घेतलीस का?"

वर्ष गेलं. डिसेंबर आला. एका सकाळी ज्योतिबा कंडक्टर दुकानाच्या पायरीवर आला आणि पिवळ्या साटीनचं गाठोडं आबेदापुढं ठेवलं.

"शालूताईचा सांगावा हाय. नलूचा वाढदिवस हाय म्हणं. ह्या टायमाला तुमी येऊ नगा, हितंच शिवा. मापाला फ्राक दिलाय आत. ह्याच मापाचा शिवायचा, अगदी बरूबर बसतोय म्हणाल्या."

गिऱ्हाइकं मापाला जुना कपडा पाठवतातच. आबेदानं हात न लावता विचारलं, "नलू बरी हाय का?"

"झ्याक हाय की! यष्टीपातुर आली हुती आईसंगं. लय गोड पोरगी. बोलत न्हाई, पर हसती कशी! बारीक बारीक दुधाचे दात." ज्योतिबा तंबाखू मळत म्हणाला. "पाच-सहाची असंल, न्हवं?"

नलूला आठवं सरत होतं.

ज्योतिबा गेला. आबेदानं गाठोडं सोडलं. नव्या कापडाच्या घडीत तोच फ्रॉक होता, छोटा, बगलांत पुन्हा शिवलेला. शिवणीशिवणीला काळ्या दोऱ्याच्या गाठी. दुकानात, भर उन्हात, चुन्याचा वास सुटला. तिनं तो उलटा केला.

पाठ गळ्यापासून झालरीपर्यंत शिवलेली होती. तिन्ही गाठी शाबूत होत्या. एकही कापलेली नव्हती, एकही टाका उसवलेला नव्हता. गळ्यातनं तर आबेदाची मूठसुद्धा जात नव्हती.

मग हा फ्रॉक अंगातनं काढला कसा? आबेदा तो मांडीवर घेऊन दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. फ्रॉक अजून, आत्ताच कुणाच्या अंगातनं काढल्यासारखा, ऊन होता.